कलामहर्षी बाबूराव पेंटर

वारकऱ्यांच्या मासिकात एका चित्रकाराचे, त्यातही सिनेमावाल्याचे चरित्र कशाला, अशी शंका काही वाचक सज्जन घेतील. शंका रास्त आहे, आणि तिचे समाधान आधी केलेले बरे. आपण सारे सगुणाचे उपासक. विटेवरचे ते रूप आधी डोळ्यांनी पाहावे, मग मनात साठवावे आणि मग मुखाने गावे, हा आपला क्रम. आता एक करून पाहा. डोळे मिटा आणि तुकोबारायांना आठवा. खांद्याशी वीणा, हातात चिपळ्या, डोईला पागोटे, चेहऱ्यावर ती शांत, किंचित हसरी मुद्रा. ही मुद्रा आपण कोठे पाहिली? देहूत तर तुकोबांच्या काळचे कोणी चित्र काढून ठेवले नाही. निम्म्याहून अधिक लोकांच्या मनातले हे रूप १९३६ साली निघालेल्या ‘संत तुकाराम’ या बोलपटातून आलेले आहे, हे आपण मान्य करू किंवा न करू. तो बोलपट करणारे दोघे जण ज्या एका माणसाच्या हाताखाली तयार झाले, त्या माणसाचे हे चरित्र आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे मूळ नाव. जन्म कोल्हापूरचा, ३ जून १८९० चा. घराणे सुतारकीचे. वडील कृष्णराव हाताचे मोठे कसबी होते. सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम, मूर्तिकाम, ज्याला हात लावतील त्यात त्यांची गती. अशा घरात मुलाला निराळी शाळा लागत नाही. वाकस कसा धरावा, लाकडाचा पीळ कसा ओळखावा, रंग किती घोटावा, हे तो रांगता रांगताच शिकतो. पुस्तकी शिक्षण बाबूरावांचे बेताचेच झाले आणि चित्रकलेच्या शाळेत तर ते कधी गेलेच नाहीत. आमच्या पाठशाळेत गुरुजी म्हणत की विद्या दोन प्रकारची, एक पोथीतली आणि एक हातातली, आणि दुसरीला विसर पडत नाही. बाबूरावांची दुसऱ्या प्रकारची. आपल्या संप्रदायाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तेरचे गोरोबाकाका मडकी घडवीत, अरणचे सावतोबा मळा राखीत, पंढरीचे नरहरी सोनार दागिने घडवीत. आणि त्यांच्या पायांवर मोठमोठे पंडित डोके ठेवतात.

त्या काळचे कोल्हापूर हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले आणि पुढची अठ्ठावीस वर्षे या गावात मल्ल, गवई, नट आणि चितारी यांना मान मिळाला. दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान हे रंकाळ्याच्या काठी बसून पाण्याची आणि उन्हाची चित्रे काढीत. घरोघर रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे लागू लागली होती. अशा गावात बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे दोघे तरुण ब्रश घेऊन उभे राहिले. दोघांची जोडी अशी की एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे आपोआप यावे. दोघांनाही लोक ‘पेंटर’ म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले. धंदा हेच आडनाव झाले. मोठ्या माणसांच्या बाबतीत असे होते. सावता माळ्याचे आडनाव तरी कोणाला ठाऊक आहे?

१९१० च्या सुमारास त्यांचे मुख्य काम होते ते नाटकांचे पडदे रंगवण्याचे. आजच्या मुलांना पडदा म्हणजे काय हे सांगावे लागेल. संगीत नाटकात वन, राजवाडा, रस्ता, देवालय अशी स्थळे दाखवायची तर रंगभूमीइतक्या रुंद कापडावर ती रंगवलेली असत, आणि दोरीने तो पडदा वर गुंडाळीत किंवा खाली सोडीत. कापडाला आधी खळ द्यायची, ते जमिनीवर अंथरायचे किंवा भिंतीवर ताणायचे, आणि माणूस मुंगीसारखा त्याच्यावर फिरत फिरत रंगवायचा. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे फराटे. पण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्यातून अरण्य दिसले पाहिजे, त्यात वाट आत आत जाताना दिसली पाहिजे. दिवट्यांच्या आणि गॅसच्या उजेडात कोणता रंग मरतो आणि कोणता जगतो, हेही पाहावे लागे. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी आणि इतरही कंपन्या या दोघा भावांकडून पडदे करून घेत. केशवराव आणि बाबूराव हे एकाच गावचे आणि एकाच वर्षी जन्मलेले. एकाच्या गळ्यात जे होते ते दुसऱ्याच्या बोटांत होते, असे जुने कोल्हापूरकर बोलत.

‘विष्णुधर्मोत्तर’ पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवण्याची विद्या विचारतो. ऋषी म्हणतात की त्यासाठी आधी चित्र आले पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. राजाला एक विद्या हवी होती आणि तो पाचव्या विद्येपाशी जाऊन पोचतो! बाबूरावांनी हा संवाद वाचला असेल असे मला वाटत नाही, परंतु त्यांचे आयुष्य त्याच वाटेने गेले. पडदे रंगवता रंगवता ते नाटकाच्या आत शिरले. नट कसा उभा राहतो, वेष कसा शोभतो, उजेड कोठून यावा, हे सारे ते पाहत होते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. पांढऱ्या पडद्यावर चित्रे हलताना पाहून महाराष्ट्र थक्क झाला. या दोघा भावांना मात्र नुसते थक्क होऊन घरी जाता आले नाही. आपण रंगवतो तो पडदा जागचा हलत नाही, आणि हा पडदा जिवंत. हे कसे होते ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रे दाखवण्याचे यंत्र मिळवले, आणि लोकांना पट दाखवता दाखवता त्यांचा अभ्यास चालू ठेवला. पट दाखवणे साधले, पण पट घ्यायचा तर कॅमेरा हवा. परदेशचा कॅमेरा घेण्याची ऐपत नाही, आणि तिकडे महायुद्ध पेटलेले. तेव्हा कॅमेरा आपणच करायचा असे ठरले. आनंदराव यंत्रविद्येत विशेष तयारीचे. त्यांनी ते काम अंगावर घेतले आणि ते अर्धवट असतानाच १९१६ साली त्यांना मरण आले. भरल्या ताटावरून उठून जावे तसे गेले.

बाबूरावांचे वय तेव्हा सव्वीस. जोडी फुटली. पडदे रंगवून सुखाने पोट भरता आले असते, आणि आनंदरावांबरोबर तो नादही संपला असे म्हणायला सगळे मोकळे होते. बाबूरावांनी तो अर्धवट राहिलेला कॅमेरा पुरा करायला घेतला. पेणहून आलेले विष्णुपंत दामले या कामी त्यांचे सहायक झाले. फीत एका मापाने सरकली पाहिजे, भिंगासमोर क्षणभर थांबली पाहिजे, त्याच क्षणी झडप उघडली पाहिजे, आणि हाताने फिरवलेल्या एका दांडीने हे सारे एका तालात चालले पाहिजे. टाळकऱ्यांना हे सांगायला नको. एकाचा टाळ अर्धी मात्रा मागे पडला की सगळा अभंग लंगडतो. एकएक दात कानशीने घासून, जमेना तर फेकून, पुन्हा घासून, १९१८ साली कॅमेरा चालता झाला. विलायतेत न गेलेल्या, इंग्रजी विद्येची मोठी पदवी नसलेल्या कारागिरांनी कोल्हापुरात हे केले. आमच्या लोकांना आपल्याकडच्या गोष्टीचे कौतुक करायचे जिवावर येते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मग महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल कोणी दिले? तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईंनी. गावात सावकार होते, सरदार होते. पण विश्वास ठेवला तो या बाईंनी. शाहू महाराजांनी जागा दिली आणि विजेची सोयही करून दिली. पहिला बेत होता ‘सीता स्वयंवर’ हा पट काढायचा. तो बेत तडीस गेला नाही, कारण सीतेचे काम करायला कोणी स्त्री मिळेना. फाळक्यांच्या पहिल्या पटात तारामतीचे काम पुरुषानेच केले होते, जरी त्याच वर्षाअखेर त्यांच्या पुढच्या पटात दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी आल्या. बाबूरावांचा हट्ट असा की चित्रात जर खरे झाड आणि खरे ऊन आहे, तर स्त्रीही खरीच पाहिजे.

शेवटी ‘सैरंध्री’ या पटासाठी गुलाबबाई आणि अनुसूयाबाई अशा दोघी तयार झाल्या. पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली. याची किंमत त्या दोघींनी भरली. त्यांच्या जातगोतानेच त्यांना वाळीत टाकले, आणि त्यांना राहायला कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. येथे मला मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची आठवण होते. गणिकेची ती मुलगी. तिला सगळीकडची दारे बंद झाली तेव्हा पंढरीचे महाद्वार उघडे होते. नट्यांना आसरा देणारे ते आवार म्हणजे काही पंढरी नव्हे, हे मलाही कळते. तरीपण ज्यांना समाजाने बाहेर ठेवले त्यांना कोणी आत घेतले, हा प्रश्न आपल्या संप्रदायाने सातशे वर्षे विचारलेला आहे. तेव्हा येथे तो न विचारून कसे चालेल?

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याला आर्यन सिनेमात लागला. कथा कीचकवधाची. खाडिलकरांच्या ज्या नाटकावर ती आधारलेली, ते ‘कीचकवध’ नाटक सरकारने १९१० साली बंद केले होते, हे त्या वेळच्या प्रेक्षकांना पाठ होते. द्रौपदीचा छळ आणि भीमाचा संताप पाहताना लोकांच्या मनात कोणता कीचक उभा राहत असेल हे सांगण्याची गरज नाही. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका भयंकर वठला होता की बायाबापड्या किंचाळत, आणि पुढे तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा पट पाहून बाबूरावांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा-केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले.

आता मी जरा रेंगाळणार आहे ते पोस्टरांपाशी, कारण बाबूरावांच्या या अंगाबद्दल लोक फार थोडे बोलतात. त्या वेळी नवा पट लागला की हातभर कागदावर नाव आणि वेळ छापून तो भिंतीला चिकटवायचा आणि बँड वाजवीत गाडी फिरवायची, इतकीच जाहिरात. अक्षरशत्रू माणसाला त्या कागदाचा उपयोग काय? बाबूरावांनी आपल्या पटांची मोठी रंगीत भित्तिचित्रे स्वतः काढली. कथेतला नेमका एक क्षण निवडायचा, त्यातली एक-दोन माणसे पुढे आणायची, बाकीचे मागे सारायचे, आणि नावाची अक्षरेही चित्राचाच एक भाग वाटावीत अशी वळवायची. पडदे रंगवणाऱ्याला लांबून काय दिसते हे ठाऊक असतेच. कोपऱ्यावरून वळणाऱ्या बैलगाडीतल्या माणसाला चित्र ओळखू आले पाहिजे, गाडी पुढे जाईपर्यंत त्याच्या मनात कथा सुरू झाली पाहिजे. १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी पटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या छोट्या पुस्तिकाही काढल्या. आपल्या देशात सिनेमाच्या जाहिरातीला चित्रकलेचा दर्जा आणणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतात. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या पटाचे भित्तिचित्र हे उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेमा-पोस्टरांमध्ये मोडते.

हे काम हलके आहे असे कोणी समजू नये. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर हिंडतो. म्हणजे कापडावर यमलोकाची चित्रे दाखवून गात फिरणारे लोक दीड हजार वर्षांमागेही होते. आपल्या कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी आहेतच. चित्र दाखवून कथा सांगणे हे कीर्तनाचे भावंड आहे. आम्ही शब्दाने जे चित्र काढतो ते हे लोक रंगाने बोलतात, इतकाच काय तो फरक.

पट घेण्याआधीही बाबूराव सगळे कागदावर काढीत. कोणते दालन, खांब कसा, पात्राचा वेष कसा, तो कोठे उभा, उजेड कोणीकडून, याची चित्रे आधी तयार. सपाट रंगवलेल्या पडद्यांवर ज्यांची हयात गेली, त्यांनीच प्रथम ते पडदे सोडले आणि लाकडाची, मातीची भरीव दालने उभी केली. भिंगापुढे गाळण्या धरून उजेडाच्या छटा साधल्या. रंग तर पटात नव्हताच. काळ्यापांढऱ्यातून त्यांनी रंगाचा भास आणला.

१९२२ साली त्यांनी ‘दामाजी’ काढला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या प्रत्येक वाचकाला पाठ आहे. दुष्काळात बादशाही कोठारे लुटवून उपाशी माणसे जगवणारा तो अधिकारी, आणि त्याच्यासाठी विठू महार होऊन बेदरला हुंड्या भरायला जाणारा तो जगजेठी. ही कथा मी उभ्या आयुष्यात किती वेळा लावली असेल त्याची गणती नाही. विठू महार दरबारात उभा राहतो तेथे आले की अजून माझा आवाज ठिकाणावर राहत नाही. पण माझ्याजवळ शब्द आहेत, पखवाज आहे, मागे धरणारे टाळकरी आहेत. मूकपटात यातले काहीच नाही. नुसता चेहरा, नुसते चालणे, आणि मध्ये मध्ये लिहिलेल्या पाट्या. तेवढ्यावर कोल्हापूरच्या या माणसाने विठोबाला उभे करायचे धाडस केले. तो पट पाहायला मिळावा असे मला फार वाटते. परंतु त्या काळचे बहुतेक मूकपट जळाले, कुजले, वितळवून टाकले गेले. फितीत थोडी चांदी असते, तीच लोकांना मोलाची वाटली.

पुढचा ‘सिंहगड’ १९२३ चा. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा. रात्रीचे प्रसंग घेण्यासाठी त्यात कृत्रिम प्रकाश वापरला, तो आपल्या देशातला पहिलाच प्रयोग मानतात. पट पाहायला अशी झुंबड उडाली की मुंबई सरकारचे लक्ष तिकडे गेले आणि करमणूक कर बसला असे सांगतात. म्हणजे तानाजीने गड घेतला आणि पट्टी भरली प्रेक्षकांनी! ‘कल्याण खजिना’ला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळाले. पौराणिक, ऐतिहासिक असे कितीतरी पट त्या आठ-दहा वर्षांत निघाले; सगळ्यांची नावे देत बसत नाही.

एक मात्र सोडता येत नाही. १९२५ चा ‘सावकारी पाश’. नारायण हरि आपटे यांची कथा. एका शेतकऱ्याची जमीन सावकार कागदाच्या जोरावर गिळतो, आणि तो शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीत मजूर होतो. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाही. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले, जे कंपनीत पडेल ते काम करीत वर आलेले होते. त्या पटातली एक ओसाड झोपडी आणि तिच्यासमोर भुंकणारे कुत्रे, एवढा एक प्रसंग पाहणाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे लक्षात ठेवला. लोकांना मात्र पट रुचला नाही. राक्षस, अप्सरा आणि लढाया पाहायला येणाऱ्याला त्याच्याच घरचे दारिद्र्य दाखवले तर तो तिकिटाला पैसे कशाला देईल? कंपनीला तोटा झाला.

पण वाचकहो, ही कथा कोणाची आहे? दुष्काळात कर्जाने बुडालेल्या लोकांची खते हातात असताना, आपल्या वाट्याची ती खते इंद्रायणीत सोडून देणाऱ्या तुकोबांची आठवण ज्याला हा पट ऐकून होत नाही, त्याने गाथा नुसती तोंडाने म्हटली. तुकोबा सावकाराच्या घरात जन्मले आणि तो पाश त्यांनी स्वतः तोडला. बाबूराव सुताराच्या घरातले. त्यांनी तो पाश लोकांच्या डोळ्यांपुढे धरला. पट चालला नाही म्हणून त्यांचे मन उतरले नाही. बोलपट आल्यावर १९३६ साली त्यांनी तीच कथा पुन्हा घेतली.

आता वियोगाचा भाग. बाबूराव स्वभावाने अबोल. शिष्यांना समोर बसवून धडे देणे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी करीत राहायचे, आणि ज्याला डोळे असतील त्याने पाहायचे. असे पाहत पाहत दामले, कागलचे शेख फत्तेलाल, शांताराम, धायबर हे तयार झाले. १ जून १९२९ रोजी या चौघांनी, सीतारामपंत कुलकर्णी या सराफांना बरोबर घेऊन, कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. गुरूचे घर रिकामे झाले. कोणी म्हणतात शिष्यांनी गुरूला सोडले, कोणी म्हणतात कंपनीच्या भागीदारांच्या कारभाराला कंटाळून गेले. मी येथे पंच होऊन बसणार नाही. फळ पिकले की देठ सोडते. झाडाला त्याचे काय वाटते हे फळाला कळत नाही, एवढे मात्र खरे. थोड्याच काळात बाबूराव स्वतःही महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि ती कंपनी बंद झाली. १९३१ साली बोलपट आला. बाबूरावांना तो मनापासून आवडला नाही. चित्राने बोलावे, तोंडाने नव्हे, ही त्यांची धारणा.

प्रभात १९३३ साली पुण्याला गेली, आणि १९३६ साली दामले-फत्तेलाल या जोडीने ‘संत तुकाराम’ केला. विष्णुपंत पागनीस, जे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, ते तुकोबा झाले. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूमध्ये तो लागे तेव्हा म्हातारी माणसे वहाणा बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर तुकोबा दिसले की हात जोडत. त्यातला एक अभंग तर शांताराम आठवले यांनी रचलेला असून, तो तुकोबांचाच समजून कित्येक बुवांनी कीर्तनात घेतला! गाथा उघडून पाहण्याचे कष्ट नकोत, दुसरे काय. असो. त्या पटातली देहूची घरे, ओसरी, अंगण, आवलीची चूल, यांतले काहीच दिखाऊ वाटत नाही. दालन भरीव असावे, उजेड खरा वाटावा, गरिबाचे घर गरिबाचे दिसावे, हा ‘सावकारी पाश’ करणाऱ्या गुरूचा पाठ त्यात जागोजाग दिसतो. फत्तेलाल हे जातीने मुसलमान. तुकोबांचे घर उभे करताना त्यांच्या हाताला ते परके वाटले नाही. पुढे याच जोडीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ केला.

इकडे कोल्हापुरात बाबूरावांचे काय चालले होते? ‘उषा’, ‘प्रतिभा’, ‘साध्वी मीराबाई’ असे काही बोलपट त्यांनी केले, पण तो जुना जोर राहिला नव्हता. मन पुन्हा ब्रशाकडे आणि मातीकडे वळले. देवदेवतांची तैलचित्रे, माणसांची चित्रे, पुतळे, हेच त्यांचे काम झाले. त्यांच्या देवतांच्या चित्रांत रंग ओरडत नाहीत. पहाटेच्या उजेडात दिसावे तसे सौम्य असतात. ज्याने आयुष्यभर नाटकाच्या दिव्यांसाठी भडक रंग घोटले, त्याने शेवटी असे रंग लावावेत याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

१९४७ साली शांताराम यांनी ‘लोकशाहीर राम जोशी’ या बोलपटाचे दिग्दर्शन करण्यासाठी आपल्या जुन्या गुरूला बोलावले. अठरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला शिष्य परत दाराशी आला आणि गुरू त्याच्याबरोबर गेला. राम जोशी हे सोलापूरचे ब्राह्मण, संस्कृत शिकलेले, तमाशाच्या फडात गेले, आणि पुढे कीर्तनाकडे वळले असे त्यांचे चरित्र सांगतात. तो पट महाराष्ट्रात फार गाजला. त्याच्या नावाखाली बाबूराव आणि शांताराम अशी दोघांची नावे आहेत. १९५२ साली बाबूरावांनी ‘विश्वामित्र’ काढला, तो त्यांचा शेवटचा.

दामले १९४५ सालीच गेले होते. बाबूरावांनी १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात देह ठेवला, ज्या गावात जन्मले आणि जे कायमचे कधी सोडले नाही, त्याच गावात. वय त्रेसष्ट. फत्तेलाल त्यानंतर दहा वर्षे, १९६४ पर्यंत होते.